कोंडीचा मुरांबा

सहाचा वर्ग सहाला सुरू झाला, असं दोन वर्षांत एकदाही घडलं नाही. सहा दहाला एक, सव्वासहाला दोघं, सहा वीसला उरलेले सगळे, अशी हप्त्याहप्त्याने मंडळी यायची. हातात हेल्मेट, केस चपटे, आणि दारातूनच तेच वाक्य : "सॉरी को, केत से!" त्यातलं 'सॉरी' तेवढं इंग्रजी. उरलेलं वाक्यही इंग्रजीत आणणं हे माझं काम होतं, त्याचे मला पैसे मिळत होते.

गाव सायगाव. कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथली माणसं बोलताना अजून सायगावच म्हणतात, आणि मराठी कानाला ते येवल्याकडचं एखादं गाव वाटतं. नवऱ्याची तिथे बदली झाली. मी पुण्यातली नोकरी सोडून मागोमाग गेले आणि बिन्ह थान्ह भागात मोठ्या माणसांच्या एका संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवू लागले. वर्ग होता हांग सान्ह चौकाजवळ. हा चौक म्हणजे सायगावकरांचा विद्यापीठ चौक. यापेक्षा जास्त वर्णन पुणेकरांना नको, आणि बाकीच्यांना कितीही केलं तरी पटायचं नाही.

'को' म्हणजे आत्या. विएतनामीत नुसतं 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणून भागत नाही. समोरचा आपल्याहून लहान की मोठा, बाई की बाप्या, हे ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. मग त्याला थोरला भाऊ, धाकटी बहीण, काका, आजी, असं कोणीतरी करून घ्यायचं. शिक्षिका ही सरसकट आत्या. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या बाईला हे वेगळं शिकावं लागत नाही. वर्गात सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ होते. ते मला आत्या म्हणायचे आणि मी त्यांना 'बाक' म्हणायचे. बाक म्हणजे थोरले काका. बाक बाकावर बसले आहेत, हा विनोद दोन वर्षं मी एकटीनेच केला आणि एकटीच हसले.

पुस्तक मात्र विलायती होतं. सातवा धडा प्रवासाचा. चित्रात लाल दुमजली बस, थांब्यावर शहाण्यासारखी रांग, रांगेत छत्रीवाला माणूस. खाली शब्दांची यादी : प्लॅटफॉर्म, टाइमटेबल, सीझन तिकीट, कम्यूट. मोटरसायकल यादीच्या तळाला, 'इतर' या सदरात. हा धडा कोणापुढे मांडायचा, तर ज्या देशाची लोकसंख्या १० कोटी आणि नोंदलेल्या दुचाकी ७ कोटींच्या वर, त्याच्यापुढे. एकट्या सायगावात ७० लाखांहून जास्त दुचाकी आहेत. मला मात्र तिथे उतरल्या दिवसापासून माहेरी आल्यासारखं वाटत होतं. डोळे सोडून सगळं स्कार्फात गुंडाळलेल्या, कोपरापर्यंत हातमोजे घातलेल्या बायका स्कूटरवरून निघाल्या की पुण्याची आठवण यायची. उन्हासाठी असं नखशिखान्त झाकून, होंडाच्या लीड नावाच्या स्कूटरवरून इंडिकेटर डावीकडचा देऊन उजवीकडे वळणाऱ्या बाईला तिकडची मुलं 'निन्जा लीड' म्हणतात. आपल्याकडे या बायकांना अजून नाव मिळालेलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पहिली अडचण आली ती 'ऑन' आणि 'इन'ची. विएतनामीत 'दी' म्हणजे जाणे. पुढे वाहनाचं नाव ठेवलं की वाक्य झालं. दी से माय म्हणजे मोटरसायकलने, दी से बुइत म्हणजे बसने. पायी जायचं तर दी बो. प्रत्यय नाही, शब्दयोगी नाही, काही नाही. इंग्रजीत मात्र बसला ऑन आणि कारला इन. कारण काय, तर पुस्तक म्हणतं, ज्या वाहनात उभं राहता येतं ते 'ऑन', ज्यात वाकून शिरावं लागतं ते 'इन'. मोटरसायकलवर उभं राहता येत नाही, तरी ती 'ऑन'च, असं मी अपवाद म्हणून सांगितलं. वर्गात एक ग्रॅब, म्हणजे अॅपवरून बोलावतात ती मोटरसायकल-टॅक्सी, चालवणारा मुलगा होता, हिरवं जाकीट घालूनच यायचा. तो म्हणाला, "येतं की, को." आणि खिडकीकडे बोट दाखवलं. खाली एक स्कूटर चालली होती. वडील चालवताहेत, मागे आई, दोघांच्या मध्ये मुलगी, आणि पुढे पायाशी, हँडल धरून, तीन-चार वर्षांचा मुलगा ताठ उभा. अपवाद मी फळ्यावरून पुसून टाकला.

आपलं काय वेगळं आहे म्हणा. पुण्यात 'गाडी' म्हणजे आधी दुचाकी. 'गाडीवर आलात की गाडीत?' असं विचारलं, की एका प्रत्ययात माणसाची आर्थिक स्थिती कळते.

'कम्यूट' समजावताना मला 'अपडाऊन' आठवलं. पुण्याहून मुंबईला रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाने हा इंग्रजी शब्द पकडून आणला आणि त्याला इतका मराठी केला, की इंग्रजाला आता तो परत ओळखता येणार नाही. तू कुठे कम्यूट करतोस, असं मी ग्रॅबवाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "एव्हरीव्हेअर." त्याचं ऑफिसच रस्त्यावर. आम्ही सगळे ज्याला वाट म्हणतो, त्याला तो टेबल म्हणणार. पुस्तकात त्याच्यासाठी शब्द नव्हता.

उच्चारांचं दुखणं निराळं. विएतनामी शब्दाच्या शेवटी फार थोडी व्यंजनं येतात आणि तीही ओठांवरच गिळली जातात. फ्रेंचांनी दिलेल्या बसचा तिथे 'बुइत' झाला, तो उगीच नाही. मी 'बाय बाइक' हे पन्नास वेळा म्हणवून घेतलं, आणि एक्कावन्नाव्या वेळीही सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, "आय गो टु वर्क बाय बाय." हात तेवढे हलवायचे राहिले होते.

एकदा बाक म्हणाले, "आय मिस द से लाम." मी लगेच व्याकरण काढलं. मिस नाही, मिस्ड. बस चुकली, काल चुकली. ते मान हलवत राहिले. मग हळूहळू उलगडा झाला. से लाम म्हणजे लँब्रेटाच्या तीनचाकी गाड्या, आपल्या सहा आसनी रिक्षांच्या चुलत बहिणी. मागे समोरासमोर दोन फळ्या, गुडघ्याला गुडघे लागलेले. सायगावच्या रस्त्यांवरून त्या केव्हाच गेल्या. बाकांना ती चुकली नव्हती, तिची आठवण येत होती. विएतनामीत आठवणे आणि कुणावाचून करमेनासं होणे, दोन्हीला एकच शब्द आहे, 'न्यो'. इंग्रजीत गाडी चुकणे आणि करमेनासं होणे, यांना एक. मी फळ्यावर केलेली दुरुस्ती तशीच राहू दिली आणि बाकांची वहीही तशीच राहू दिली. मराठीचा मात्र त्या दिवशी जरा अभिमान वाटला. मराठीत बस चुकते. चूक बसची, आपण निर्दोष.

आता मुख्य शब्दाकडे येते, ज्याच्यावाचून वर्ग सुरू होत नव्हता. ट्रॅफिक जॅम. वर्गात हनोईची एक मुलगी होती, नोकरीसाठी दक्षिणेत आलेली. बाकी सगळे 'केत से' म्हणायचे, ती एकटी 'ताक दुओंग' म्हणायची. केत से म्हणजे गाडी अडकली. ताक दुओंग म्हणजे रस्ता तुंबला. दक्षिण गाडीला बोल लावते, उत्तर रस्त्याला. एवढ्यावरून मी एक छोटंसं व्याख्यान द्यायच्या तयारीत होते, इतक्यात वर्ग हसायला लागला. कारण दक्षिणेत 'ताक' हे एका फळाचं नाव आहे. सुपारीएवढं, आंबट, लिंबू आणि संत्रं यांच्या मधलं. वर्गाच्या खालीच एक बाई हातगाडीवर बर्फ घातलेला त्याचा चहा विकायची, 'त्रा ताक', आणि उशिरा येणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच अडकलेले असायचे. आणि 'दुओंग'? दुओंग म्हणजे रस्ता, आणि दुओंग म्हणजे साखरसुद्धा. सूर तोच, अक्षरं तीच. हनोईची मुलगी बिचारी सांगत होती की रस्ता तुंबला होता, आणि सायगावकरांना ऐकू येत होतं, 'लिंबू-साखर'.

मी खडू खाली ठेवला. लिंबू आणि साखर एकत्र शिजवलं की काय होतं? जॅम होतो.

इंग्रजीतला हा 'जॅम'ही मुळात दाबून, कोंबून बसवण्याचा शब्द, आणि बरणीतला जॅम त्यावरूनच आला असावा असं कोशकार मानतात. म्हणजे लंडनमध्ये आणि हनोईमध्ये, एकमेकांना न विचारता, लोकांनी रस्त्यातल्या अडकण्याला मुरांब्याजवळ नेऊन ठेवलं. आणि माझ्या कानात तर तिसरंच चाललं होतं. मराठी माणसाला ताक म्हटल्यावर लिंबू कशाला आठवेल? चक्का जाममधला चक्का चाकाचा, हे मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात चक्का म्हणजे पंचातून टांगलेला, श्रीखंडाचा. त्यात भर म्हणजे सायगावात शब्दाच्या शेवटी असलेल्या त-चा क होतो, त्यामुळे 'केत से' कानावर पडताना 'केक से' असं पडतं. टॅक्सीला ते 'ताक सी' असंही लिहितात, म्हणजे टॅक्सीच्या पहिल्याच अक्षरात ती अडकणार हे लिहून ठेवलेलं. त्या दिवशी सातवा धडा पुढे सरकला नाही. सगळे खाली चहा प्यायला गेलो.

रात्री घरी येऊन मी विचार करत बसले, की आपण काय म्हणतो. वर्तमानपत्रात वाहतूक कोंडी. कोंडीत रस्ता नाही, गाडी नाही, कोंडला जातो तो माणूस; आणि कोंडी करणारा कोणीतरी शत्रू असतो, निदान नगरसेवक तरी. पण घरात आल्यावर चप्पल काढताना कोणी 'वाहतूक कोंडी होती' असं म्हणत नाही. आपण म्हणतो, "ट्रॅफिक लागलं." ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, वाटेत घाट लागतो, तसं ट्रॅफिकही लागतं. त्याला कर्ता नसतो. ते आपलं तिथे असतं आणि जाणाऱ्याला लागतं. इंग्रज म्हणतो, मी ट्रॅफिकमध्ये अडकलो. म्हणजे ट्रॅफिक इतरांचं, मी फक्त आत. मला मराठी क्रियापद जास्त सोयीचं वाटतं. त्यात उशिराची चौकशी तिथल्या तिथे संपते. दृष्ट लागलेल्या माणसाला कोणी कारणं दाखवा नोटीस देत नाही.

'कन्जेशन' या शब्दाला मला कष्टच पडले नाहीत. तो बाकांना आधीच माहीत होता, सर्दीच्या गोळ्यांच्या वेष्टणावरून. तो रस्त्यालाही लावतात म्हटल्यावर त्यांनी खिशातून हिरव्या तेलाची छोटी बाटली काढली. तिथल्या प्रत्येक वयस्कर माणसाच्या खिशात ती असतेच. ती त्यांनी हांग सान्ह चौकाच्या दिशेने गंभीरपणे हुंगायला धरली.

हिरव्यावरून आठवलं. विएतनामीत हिरव्याला आणि निळ्याला मिळून एकच शब्द आहे, 'सान्ह'. वेगळं सांगायचंच असेल तर पानाचा सान्ह आणि आकाशाच्या कातडीचा सान्ह. आकाशाला कातडी असते हे मला पन्नाशीत कळलं. सिग्नलचे रंग विचारले की वर्ग बिनदिक्कत सांगायचा : रेड, यलो, ब्लू. मी दुरुस्त करायचे. ते पुन्हा ब्लू म्हणायचे आणि हिरव्यावरच निघायचे.

एक शब्द मात्र आम्ही इंग्रजीत नेऊच शकलो नाही. 'से ओम'. मोटरसायकलवरून भाड्याने सोडणाऱ्याला से ओम म्हणतात, आणि ओम म्हणजे मिठी. मिठीगाडी. पुस्तकात त्याला 'मोटरबाइक टॅक्सी' असा कोरडा प्रतिशब्द. प्रत्यक्षात कोणी मिठीबिठी मारत नाही, मागची दांडी धरून अंतर राखून बसतात. पण नाव ठेवताना मन मोठं ठेवलं. मी वर्गाला सांगितलं, की आमच्याकडे गोव्यातही अशा टॅक्सी आहेत, पिवळ्या-काळ्या, आणि चालवणाऱ्याला 'पायलट' म्हणतात. ग्रॅबवाला मुलगा त्या दिवसापासून स्वतःला पायलट म्हणवू लागला. त्याच्या आईला खरंच वाटलं की काय, याची मला थोडी काळजी होती.

गोव्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. विएतनामी आज रोमन लिपीत, वर-खाली टोप्या आणि टिंबं लावून लिहितात. तिचा पहिला मोठा छापील कोश आला तो अलेक्झांड्र द ऱ्होड या जेझुइट पाद्र्याचा, १६५१ साली, रोममध्ये. हा गृहस्थ पूर्वेला जाताना गोव्यात मुक्कामाला होता. त्याच्या थोडं आधी, १६१६ मध्ये, तिथेच फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मराठीत पण रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. आपण नंतर देवनागरीवर राहिलो. बरं झालं. पुण्याच्या पाट्यांवर एवढी टिंबं वाचायला कोण थांबलं असतं? त्यावरून आणखी ट्रॅफिक लागलं असतं.

२२ डिसेंबर २०२४ ला सायगावची पहिली मेट्रो सुरू झाली. काम २०१२ मध्ये सुरू झालेलं, १९.७ किलोमीटर, चौदा स्थानकं, पहिले तीस दिवस फुकट. आम्ही वर्गाची सहल काढली. सातव्या धड्यातले सगळे शब्द एकदम खरे होणार होते. प्लॅटफॉर्म, एस्कलेटर, क्यू. बेन थान्ह स्थानकावर नऊला जमायचं ठरलं. साडेनऊला जमलो, कारण मेट्रोपर्यंत सगळे स्कूटरवरून आले होते आणि वाटेत केत से. हनोईच्या मुलीने आमच्या नवलाईला फारशी किंमत दिली नाही. तिच्या गावात मेट्रो २०२१ पासूनच धावतेय.

दक्षिणेत रेल्वेला 'से लुआ' म्हणतात, लुआ म्हणजे आग. आगगाडी! तंतोतंत. मी हे सांगितलं तेव्हा बाकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. पण मला जास्त आवडला तो 'बेन' हा शब्द. बेन म्हणजे होड्या लागतात तो धक्का. नद्या-कालव्यांच्या मुलखात रस्ते मागाहून आले, म्हणून बसस्टँडही 'बेन से', गाड्यांचा धक्का. दक्षिणेत कोणाकडे लिफ्ट मागायची तरी 'क्वा झांग' म्हणतात, म्हणजे नदीपार न्या. मेट्रोचं पहिलं स्थानक बेन थान्ह आणि शेवटचं बेन से सुओई तिएन. या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत. अर्ध्या तासाच्या प्रवासात फुकट्या गर्दीने आम्हाला दिले ते वेगळे, ते मराठी धक्के.

१ जानेवारी २०२५ पासून नवे दंड आले. दुचाकीने लाल सिग्नल मोडला तर ४० ते ६० लाख डोंग, आपले तेरा ते वीस हजार रुपये. आधी १० लाख डोंगांच्या आत भागायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त 'फाइन' या शब्दावर चर्चा. या देशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला इंग्रजीचं एक वाक्य झोपेतही येतं : आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू? दंडाला आणि खुशालीला इंग्रजीत एकच शब्द आहे हे कळल्यावर वर्ग सुन्न झाला. पायलट त्या आठवड्यात पकडला गेला होता. मी सवयीने 'हाऊ आर यू' म्हटलं. तो म्हणाला, "फाइन, को. फोर मिलियन."

जानेवारीच्या अखेरीस त्यांचं नवं वर्ष, तेत. आमची परतीची तिकिटं त्याच्या आधीच्या आठवड्याची होती. शेवटच्या दिवशी, सहा वीसला, हनोईच्या मुलीने एक काचेची बरणी माझ्या हातात ठेवली. तेतला घरोघरी फळांचे मुरांबे करतात. मुरांब्याचा विएतनामी शब्द मराठीत लिहिण्यासारखा नाही, तो सोडून देते. बरणीत ताक-फळं होती, अख्खीच्या अख्खी, साखरेत मुरलेली. वर तिने स्वच्छ अक्षरांत इंग्रजी चिठ्ठी चिकटवली होती : 'ट्रॅफिक जॅम'.

स्पेलिंग बरोबर होतं. पुण्यात आल्यावर पोळीबरोबर खाऊन बघितला. सालीमुळे थोडा कडू लागतो.